कुठल्या गावची पायली?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना आम्ही विद्यार्थी नुसतं ‘सर’ म्हणायचो. आजही तसंच म्हणेन, सवय जात नाही. सर आज असते तर पहिल्या रांगेत चष्मा कपाळावर ढकलून बसले असते. ते आम्हांला डोळ्याच्या पडद्याची चित्रं रंगीत पेन्सिलींनी काढायला लावत. धमन्या लाल, शिरा निळ्या, स्राव पिवळा, आणि मध्ये काही आड येऊन दिसलं नसेल तर तिथे हिरवा रंग. मी एकदा हिरवी जागा रिकामी वाटते म्हणून तिथे अंदाजाने दोन शिरा रेखाटल्या. सरांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, ‘‘हे तुला दिसलं, की तुला वाटलं?’’ तीस वर्षं झाली. कान अजून गरम होतात.

आज पडदा रेखाटणाऱ्या माणसाच्या जागी यंत्र आलं आहे. यंत्राला तो प्रश्न कोण विचारतं?

या सभागृहात मधुमेह असलेले किती जण आहेत? हात वर करू नका, बायकोला कळेल. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार भारतात मधुमेहाचे 10.1 कोटी रुग्ण होते. तेव्हा अंदाज मीच करतो. तुमच्यापैकी काहींच्या घरी, औषधांच्या पिशवीत, एक रंगीत कागद असेल. त्यावर एकात एक तीन वर्तुळं, त्यांचे नऊ भाग, प्रत्येक भागात एक आकडा. लोक बाकीचे आठ आकडे बघत नाहीत. मधला बघतात. आणि माझ्यासमोर बसून विचारतात, ‘‘डॉक्टर, मागच्या महिन्यात 310 होतं, आता 335 आहे. सूज वाढली ना?’’

माझं आजचं व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर लांब आहे, तेवढं सहन करा.

आधी तो आकडा कशाचा, ते सांगतो. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला पातळ पडदा म्हणजे रेटिना. त्याच्या मधोमध जिथे आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो, तो पीतबिंदू. मधुमेहात तिथल्या केशवाहिन्या झिरपायला लागतात. पडद्याची शीर तुंबली, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘डोळ्याची नस बंद झाली’, तरी तसंच होतं. पाणी साचतं, पडदा सुजतो, नजर अंधूक होते. सूज म्हणजे जाडी, आणि जाडी मोजायची मायक्रॉनमध्ये. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. 310 चे 335 झाले म्हणजे पंचवीस मायक्रॉनचा फरक. तुमच्या डोक्यावरचा केस, ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांचा, साधारण याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो.

हे आपण मोजू शकतो, याचं आश्चर्य वाटणं आता थांबलं आहे. ते थांबू नये असं मला वाटतं. हेल्महोल्ट्झने 1851 साली जिवंत माणसाचा पडदा पाहण्याचं साधन जगासमोर ठेवलं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं आम्ही पडदा नुसता पाहिला. मोजला नाही. सूज आहे की नाही हे डॉक्टरने दोन डोळ्यांनी खोली जोखून ठरवायचं. अंतर सांगायचं तर पट्टी कुठली? डोळ्याच्या मज्जातंतूची गोल चकती. तिची रुंदी 1500 मायक्रॉन धरायची आणि तिच्या प्रमाणात बाकी सगळं. सगळ्यांची चकती सारखी असते का? नसते. पण पट्टी म्हणून तीच हाताशी होती.

मग इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होटनी आणि अल्व्हिस या दोन तरुणांनी हातातल्या शिरेतून फ्लुओरेसिन नावाचा रंग सोडून पडद्यातल्या रक्ताभिसरणाचे फोटो काढले. नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकाने त्यावरचा लेख परत पाठवला. शेवटी 1961 साली तो छापला कुणी? तर हृदय आणि रक्ताभिसरणाच्या ‘सर्क्युलेशन’ने. (आमच्या शाखेतले लोक हा किस्सा फारसा सांगत नाहीत. मी मुद्दाम सांगतो.) ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे त्यांना ती आठवत असेल, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी पिवळीधमक होते.

आणि 1991 साली अमेरिकेतल्या एमआयटीतल्या फुजिमोटो, हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये ओसीटीचं, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर पाहण्याचं, तंत्र मांडलं. कल्पना साधी आहे. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून खोली ओळखावी, तसंच; फक्त आवाजाच्या जागी प्रकाश. प्रकाश इतका वेगवान की त्याचा उशीर घड्याळाने मोजता येत नाही. म्हणून त्याच प्रकाशाचा दुसरा झोत ठरावीक अंतरावरच्या आरशावरून परत आणायचा आणि दोघांची गाठ घालून उशीर ओळखायचा. इथे एक गोष्ट मनात ठेवा. यंत्र जाडी मोजत नाही. यंत्राला प्रतिध्वनी ऐकू येतात. त्यातला कुठला प्रतिध्वनी पडद्याचा वरचा काठ आणि कुठला खालचा, हे एक संगणक ठरवतो, दोन रेघा मारतो, आणि त्या रेघांमधलं अंतर आपल्याला छापून देतो.

रेघा कुठे मारायच्या? इथे मला पायली आठवते.

माझे आजोबा धान्याच्या व्यवहारात एक प्रश्न हटकून विचारत: ‘‘कुठल्या गावची पायली?’’ नव्या मुलांसाठी सांगतो. किलोग्रॅम येण्याआधी धान्य मापाने मोजत. चार शेरांची पायली. पण एका मुलखातला शेर दुसऱ्या मुलखातल्या शेराएवढा असेलच असं नव्हतं. शिवाय दुसरी भानगड शिगेची. कुणी माप काठोकाठ भरून वरून हात फिरवी, कुणी वर शीग लावून देई. माप तेच, धान्यही तेच, पण घरी येणारं पोतं वेगळं.

ओसीटीच्या जगात अगदी हेच घडलं आहे. स्ट्रेटस नावाचं जुनं यंत्र खालची रेघ प्रकाशपेशींच्या आतल्या एका ठळक पट्ट्यावर मारत असे. नंतरचं सिरस ती आणखी खाली, रंगद्रव्याच्या थरावर मारतं. स्पेक्ट्रॅलिस त्याहून खाली, थेट तळाच्या पापुद्र्यावर. म्हणून त्याच निरोगी डोळ्याची मधली जाडी स्ट्रेटसवर सुमारे 210, सिरसवर 260 च्या आसपास, स्पेक्ट्रॅलिसवर 270 किंवा त्याहून थोडी जास्त. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. कुणी हात फिरवला, कुणी शीग लावली.

मी यात स्वतः फसलो आहे. ज्या दवाखान्यात मी तेव्हा बसायचो तिथे जुनं यंत्र काढून नवं आलं. दोन आठवड्यांनी एक निवृत्त शिक्षक आले. डोळ्यात इंजेक्शनं घेऊन सूज उतरली होती, आकडा स्थिर होता. आता एकदम साठ मायक्रॉनने वर. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, ‘‘सूज परत आली, इंजेक्शन घ्यावं लागेल.’’ ते म्हणाले, ‘‘पण मला तर छान दिसतंय.’’ मी त्यांना समजावलं की रुग्णाला सुरुवातीला जाणवत नाही. डॉक्टर लोक हे वाक्य फार सहज वापरतात. सुई भरायच्या आधी आमच्या टेक्निशियन मुलीने दबक्या आवाजात सांगितलं, ‘‘सर, हे नव्या मशिनवर काढलंय.’’ ती बोलली नसती तर? त्या मुलीला मी अजून दिवाळीला मिठाई पाठवतो.

मोठ्या अभ्यासांमध्ये हा घोळ माहीत असल्यामुळे आधीच पायली ठरवून घेतात. मधुमेहातल्या सुजेवरच्या तीन औषधांची तुलना करणारा एक गाजलेला अमेरिकी अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण घेण्याची किमान जाडी स्ट्रेटसवर 250 होती. सिरसवर स्त्रियांसाठी 290, पुरुषांसाठी 305. स्पेक्ट्रॅलिसवर स्त्रियांसाठी 305, पुरुषांसाठी 320. एकाच आजारासाठी पाच सीमारेषा! पुरुषांचा पडदा सरासरीने किंचित जाड असतो, म्हणून तोही हिशेब. आणि आपल्या रोजच्या ओपीडीत? रुग्ण एका गावात स्कॅन काढतो, दुसऱ्या गावात दाखवतो, आणि दोन आकड्यांची वजाबाकी आम्ही कागदाच्या कोपऱ्यात करतो.

बरं, समजा पायली एकच आहे. तेच यंत्र, तोच माणूस, तोच डोळा. पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजलं. आकडा तोच येईल का?

बऱ्याचदा येणार नाही. मग दोन मापनांमध्ये किती फरक म्हणजे नुसती डळमळ, आणि किती म्हणजे खरा बदल? ब्लँड आणि ऑल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहून डॉक्टरांना चांगलं फैलावर घेतलं. तोवर डॉक्टर काय करत? दोन यंत्रांची मापं आलेखावर टाकत, ठिपके सरळ रेषेत आले की ‘उत्तम सहसंबंध’ म्हणून मोकळे होत. हे दोघे म्हणाले, सहसंबंध उत्तम असेल हो, पण दोन्हीची मापं जुळतात का? एक घड्याळ कायम वीस मिनिटं पुढे असेल तरी त्याचा बरोबरच्या घड्याळाशी सहसंबंध परिपूर्ण असतो. गाडी चुकत नाही, पण वीस मिनिटं फलाटावर काढावी लागतात.

त्यांनी दिलेला हिशेब डोक्यात ठेवण्याजोगा आहे. एकाच डोळ्याच्या वारंवार मापनांचं प्रमाण विचलन काढा. त्याला 2.77 ने गुणा. काहीही बदललेलं नसताना घेतलेल्या दोन मापनांमधला फरक शंभरातल्या पंच्याण्णव वेळा त्या आकड्याच्या आत राहील. विचलन दहा मायक्रॉनचं असेल तर उत्तर येतं जवळजवळ अठ्ठावीस. मग पंचवीस मायक्रॉनच्या ‘वाढी’वर मी काय बोलावं? मधुमेही सूज असलेल्या डोळ्यांत स्ट्रेटसवर असा अभ्यास झाला तेव्हा निष्कर्ष निघाला की, जाडी सुमारे 11 टक्क्यांहून जास्त बदलली तरच तो बदल बहुधा खरा समजावा. 310 वरून 335 म्हणजे आठ टक्के. नजरेच्या मागोमाग फिरणाऱ्या, मागच्या वेळची जागा शोधून तिथेच स्कॅन काढणाऱ्या नव्या यंत्रांनी ही डळमळ बरीच कमी केली आहे, हे मान्य. पण यंत्र नवं आहे एवढ्यावर ती कमी झाली असं धरता येत नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. यंत्राच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं: अचूकता इतके मायक्रॉन. निरोगी, तरुण, स्थिर नजरेच्या डोळ्यात ते खरंही असतं. चांगल्या यंत्रावर एक-दोन मायक्रॉनचाच फरक पडतो. पण निरोगी तरुणाच्या पडद्याची जाडी मोजायची आहे कुणाला? मोजायची आहे ती सत्तरीतल्या, शीर तुंबलेल्या, अर्धवट मोतीबिंदू असलेल्या डोळ्याची. आणि ज्या आजारामुळे मोजण्याची वेळ येते, तोच आजार माप बिघडवतो.

कसं, ते बघा. स्कॅन काढताना टेक्निशियन सांगते, ‘‘आजी, आत हिरवी खूण दिसते ना, तिच्याकडे बघत राहा.’’ आजी म्हणतात, ‘‘कुठली गं खूण? मधे तर काळं दिसतंय.’’ ज्या बिंदूने खूण बघायची तोच सुजला आहे! नजर शोधत फिरते आणि वर्तुळांचा मध्य पडद्याच्या मध्यावर बसत नाही. निरोगी पडद्याला मध्ये सुबक खळगा असतो, संगणक तो ओळखून मध्य धरतो. सुजेने खळगाच बुजला, मग धरणार काय? पिवळ्या स्रावाचे खडे खाली सावली टाकतात; सावलीत तळाची रेघ दिसत नाही, संगणक ती अंदाजाने ओढतो. (सर, मला तुमचा हिरवा रंग आठवतो आहे.) पाण्याच्या पोकळ्यांच्या भिंतीला कधी तो पडद्याचा काठच समजतो. जुन्या स्ट्रेटसच्या जलद पद्धतीत सहा रेघांवर मिळून 768 ठिकाणी माप घेतलं जाई आणि मधल्या जागा हिशेबाने भरल्या जात. नंतरच्या सिरसवर तेवढ्याच जागेत 65,536 ठिकाणी माप घेता येतं. अंदाजाने भरायची जागा त्यामुळे कमी झाली. रेघ चुकीच्या थरावर बसली असेल तर मात्र पासष्ट हजार ठिकाणीही ती चुकीचीच बसू शकते.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात हुशार माणसं अडकतात. दोनदा तेच माप आलं म्हणजे ते बरोबर, असं आपण समजतो. संगणक त्याच सावलीत, त्याच चुकीच्या जागी, दोन्ही वेळा रेघ मारेल तर आकडा तोच येईल. चूकसुद्धा इमानदारीने पुन्हा पुन्हा येऊ शकते. रेघा बघितल्याशिवाय हे कळत नाही, आणि छापील रिपोर्टवर आकडा ठळक असतो, रेघा बारीक.

त्यात घड्याळाचीही भर. मधुमेही सूज सकाळी जास्त असते आणि दिवसभरात काहीशी उतरते. रात्रभर आडवं झोपणं आणि रात्रीचा अंधार, दोन्हींचा त्यात हात असावा असं मानतात. मागच्या वेळी एसटी चुकल्यामुळे दुपारी चारला पोचलेला माणूस या वेळी पहिल्या गाडीने सकाळी नऊला आला, तर ‘सूज वाढली’ कुणामुळे? आजारामुळे की एसटीमुळे?

आता नवलाईची गोष्ट. 2015 च्या सुमारास ओसीटी अँजिओग्राफी दवाखान्यांत येऊ लागली. रंग नाही, सुई नाही. त्याच जागेचा स्कॅन पटापट पुन्हा काढायचा. जे हललं ते रक्त, जे स्थिर राहिलं तो पडदा. केशवाहिन्यांची जाळी इतकी सुरेख दिसते की पहिल्यांदा पाहिल्यावर मी खुर्चीतून उठून जवळ गेलो. आणि मग आकडे आले: वाहिन्यांची घनता इतके टक्के, मधल्या वाहिनीविरहित जागेचं क्षेत्रफळ इतकं. आजार किती पुढे गेला ते आता टक्क्यांत!

मी जरा सबुरीने घ्या म्हणतो. त्या चित्रात काळा डाग दिसला की त्याचा अर्थ काय? तिथली केशवाहिनी मेली, हा एक अर्थ. ती जिवंत आहे पण रक्त इतकं हळू सरकतंय की यंत्राला हालचाल कळली नाही, हा दुसरा. आजारी वाहिन्यांतले फुगे फ्लुओरेसिनमध्ये दिसतात आणि इथे गायब असतात, ते बरेचसे यामुळेच. मोतीबिंदूने किंवा आत झालेल्या रक्तस्रावाने प्रकाशच पोचला नाही, हा तिसरा. तिथे पाण्याची पोकळी आहे, वाहिन्या बाजूला ढकलल्या गेल्या आहेत, हा चौथा. चार वेगळ्या गोष्टी, चित्रात एकच काळा रंग. सरांच्या पेन्सिलींत निदान हिरवी वेगळी होती.

परत येणाऱ्या प्रकाशाचा संकेत क्षीण झाला की घनतेचा आकडा उतरतो, वाहिन्या जशाच्या तशा असल्या तरी. म्हणून कधी कधी मोतीबिंदू काढल्यावर पडद्याची ‘रक्तवाहिन्यांची घनता सुधारते’. इंजेक्शनांनंतर खोल थरातली घनता वाढलेली दिसली की लगेच लोक म्हणतात, केशवाहिन्या पुन्हा उगवल्या. उगवल्या असतीलही. की सूज उतरल्यामुळे थर ओळखणाऱ्या रेघा जागेवर आल्या आणि होतं तेच दिसू लागलं? शिवाय वरच्या वाहिन्यांच्या सावल्या खालच्या थरात वाहिन्यांसारख्या उमटतात, म्हणजे कधी नसलेलंही मोजलं जातं. आणि डोळ्याच्या लांबीचं म्हणाल तर, यंत्र बहुधा डोळा चोवीस मिलिमीटरच्या आसपास लांब धरून चालतं. जाड चष्म्यातला सत्तावीस मिलिमीटरचा डोळा समोर आला तर प्रत्यक्ष क्षेत्रफळ छापलेल्यापेक्षा पाव हिश्श्याहूनही जास्त असतं. डोळ्याची लांबी मोजून दुरुस्ती करता येते. किती जण करतात?

मग मोजणं सोडून द्यायचं? मला तसं म्हणायचं नाही. ओसीटीने जितक्या लोकांची नजर वाचवली तितकी आमच्या पिढीत दुसऱ्या कुठल्या तपासणीने वाचवली नसेल. दोनशेचे पाचशे झाले तर त्याला संख्याशास्त्र लागत नाही. आंधळ्यालाही दिसेल, आणि वेळेवर इंजेक्शन दिलं तर तो आंधळा होणारही नाही. अडचण येते ती काठावर. तीनशेचे सव्वातीनशे झाले की सुई टोचायची का? डोळ्यात सुई घ्यायची म्हणजे घरातल्या एका माणसाचं दिवसभराचं काम बुडतं, पैसे जातात, क्वचित जंतुसंसर्ग होऊन डोळाच जातो. उलट खरी वाढ डळमळ समजून सोडली तरी नजर जाते. त्या काठावर उभं असताना आकडा एक बिंदू नसून एक पट्टा आहे, हे निदान माहीत हवं. रिपोर्टवर ‘335’ ऐवजी ‘320 ते 350 च्या दरम्यान’ असं छापलं तर किती वजाबाक्या थांबतील! एकही कंपनी असं छापणार नाही, मला माहीत आहे. तीन अंकी ठाम आकड्याला जी किंमत येते ती पट्ट्याला येत नाही.

मी काय करतो ते सांगतो, त्याला कुणी नियम म्हणू नये. शंका आली की त्याच बैठकीत दुसरा स्कॅन काढायला लावतो. आधी डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो. कोरड्या डोळ्यावर अश्रूंचा थर पसरला की संकेत सुधारतो, फुकटात. आकडा हाताने झाकतो आणि आधी चित्र बघतो, रेघा कुठे बसल्यात ते बघतो. फाइलवर यंत्राचं नाव आणि वेळ लिहितो. आणि रुग्णाला विचारतो, काय दिसतं, काय दिसत नाही. जाडी आणि नजर यांचं नातं आपण समजतो तेवढं घट्ट नाही. सुजलेल्या पडद्याने नीट वाचणारे आहेत आणि सपाट पडद्याने न दिसणारेही आहेत.

मागच्या आठवड्यातली गोष्ट सांगून थांबतो. शीर तुंबलेल्या एका बाई आल्या, गोधड्या शिवतात. महिन्यापूर्वी आकडा 301. आता 329. मुलगा काळजीत, त्याने मोबाइलवर आलेखसुद्धा काढून आणला होता. दुसरा स्कॅन काढला: 312. त्याचा चेहरा खुलला. तिसरा काढला: 318. तो म्हणाला, ‘‘डॉक्टर, नक्की किती?’’ बाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अरे, मधलं धर की.’’ मी हसलो, कारण मीही तेच करणार होतो. मग विचारलं, सुईत दोरा ओवता येतो? म्हणाल्या, ‘‘गेल्या महिन्यात सुनेला सांगत होते. आता जमतंय, पण उन्हात बसून.’’ तिन्ही चित्रांतल्या रेघा मी मुलाला दाखवल्या. एका चित्रात खालची रेघ सावलीत घसरली होती, 329 तिथून आले होते. इंजेक्शन दिलं नाही. चार आठवड्यांनी, सकाळीच, याच यंत्रावर या, असं फाइलवर लिहिलं. ती तारीख अजून यायची आहे.